पवनेच्या काठचे किल्ले आणि लेणी: पुण्याहून जाताना बेत कसा आखावा

पवना धरणाच्या पाण्याभोवती चार किल्ले आहेत: लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग. त्यांच्या आसपास भाजे, बेडसे आणि कार्ले ही दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी. पुण्यातून साठ-सत्तर किलोमीटरच्या आत इतका ऐवज एका जागी दुसरीकडे क्वचितच सापडेल. तरी बहुतेक लोक तिथे जातात ते तंबूत रात्र काढायला, नाहीतर भर पावसात लोहगडाच्या पायऱ्यांवर रांग लावायला. हा लेख ज्यांना किल्ला आणि लेणी खरोखर बघायची आहेत त्यांच्यासाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हे पाणी नवीन आहे. पवना धरण झालं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधी इथे नदी होती, भाताची खाचरं होती, गावं होती. किल्ले तलावाची राखण करायला बांधलेले नाहीत. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या वाटा आणि पवन मावळातून (पवना नदीच्या खोऱ्यातून) होणारी ये-जा यांच्यावर नजर ठेवायला ते आहेत. त्यामुळे कुठल्याही गडाच्या माथ्यावर पोचलात की आधी पाणी मनातून वजा करा, मग कुठला गड कुठल्या गडाला दिसतो ते बघा. तिकोन्यावरून तुंग दिसतो, लोहगड-विसापूरची जोडी दिसते. एकाने इशारा दिला की बाकीच्यांना कळणार, अशी ती मांडणी आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मुघलांना द्यावे लागले त्यांत हे चारही होते, याचं नवल त्या माथ्यावर उभं राहिल्यावर वाटत नाही. एक दिला आणि शेजारचा ठेवला तर देण्याला अर्थच उरत नाही.

आधी ठरवा: एका दिवसात किती?

एक किल्ला आणि एक लेणं. बस्स. समाजमाध्यमांवर ‘एका दिवसात चार किल्ले’ असले बेत फिरत असतात. पायांत दम असेल तर जमतातही, पण मग बघणं होत नाही, नुसतं टेकून येणं होतं.

जोड्या मी उन्हाच्या हिशेबाने लावतो. बेडसे लेण्याचं तोंड पूर्वेला आहे, तेव्हा ते सकाळी. भाजे आणि कार्ले पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यांच्यात ऊन शिरतं ते दुपारनंतर. म्हणजे दोन चांगले दिवस असे होतात: सकाळी लोहगड आणि उतरताना भाजे, किंवा भल्या सकाळी बेडसे आणि मग तिकोना. विसापूर आणि तुंग दुसऱ्या-तिसऱ्या फेरीसाठी ठेवा. कार्ल्याला वेगळा अर्धा दिवस द्या, कारण तिथली गर्दी वेगळ्या प्रकारची असते.

सोबत कोण आहे त्यावरही ठरवा. आजी-आजोबा असतील तर भाजे चालेल, सुमारे वीस मिनिटांच्या पायऱ्या आहेत आणि मध्ये बसायला जागा आहे. सात-आठ वर्षांच्या मुलांना लोहगड उत्तम. पायथ्याच्या लोहगडवाडीपासून थेट माथ्यापर्यंत पायऱ्या आहेत. तिकोन्याच्या बालेकिल्ल्याच्या पायऱ्या मात्र उंच आणि उभ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर चढताना नाही, उतरताना कळतं. तुंगवर लहान मुलं नेऊ नका, माथ्याजवळ जागा अरुंद आहे आणि दोन्ही अंगांना दरी आहे.

कधी जावं

लोणावळ्याला वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याच ढगांच्या खाली हा सगळा पट्टा येतो. जुलै-ऑगस्टमध्ये गड दिसत नाही, धुकं दिसतं. धुकं बघायला जायचं असेल तर अवश्य जा, पण मधल्या वारी जा. २०२३ च्या पावसाळ्यात लोहगडावर इतकी गर्दी झाली की माणसं पायऱ्यांवरच तासन्‌तास अडकून पडली. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधबे, धरणं आणि काही गडांवर बंदीचे आदेशही काढतं. निघायच्या आदल्या दिवशी पेपर चाळा, नाहीतर बंदोबस्तावरच्या पोलिसांशी हुज्जत घालून परत यावं लागेल.

गणपती झाल्यावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा सर्वात देखणा काळ. सोनकीच्या फुलांनी उतार पिवळे झालेले असतात, हवा धुतलेली असते, आणि तिकोन्यावरून तुंगचा सुळका हाताला लागेल असा दिसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालायला सोयीचं. मार्चनंतर ऊन तापतं, सातला चढायला सुरुवात करून दहाच्या आत खाली यावं. पण उन्हाळ्याचा एक फायदा आहे: पाणी आटलं की धरणाच्या पोटातलं वाघेश्वराचं जुनं दगडी शिवमंदिर उघडं पडतं. वर्षातले बहुतेक महिने ते पाण्याखाली असतं. गावात विचारा, ‘वाघेश्वर उघडा झाला का?’ झाला असेल तर वाट सांगतील. गाळ सुकलेला आहे ना याची खात्री करूनच पुढे पाय टाका, वरून भेगाळलेला दिसणारा गाळ आत मऊ असतो.

पोचायचं कसं

गाडी नसली तरी काही अडत नाही. पुणे-लोणावळा लोकल हा सगळ्यात शहाणा मार्ग आहे. लोहगड, विसापूर आणि भाजेसाठी मळवलीला उतरा; बेडसे, तिकोना आणि पवनानगरसाठी त्याच्या आधीच्या कामशेतला. सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या लोकलने निघा. दुपारच्या वेळी लोकलमध्ये मोठी फट असते, त्यामुळे परतीचं वेळापत्रक जातानाच फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

मळवलीला उतरल्यावर द्रुतगती महामार्गावरच्या पुलावरून पलीकडे गेलं की भाजे गाव, चालत अर्धा-पाऊण तास. भाजेहून लोहगडवाडीपर्यंत गायमुख खिंडीतून रस्ता चढतो. चालायला दीड-दोन तास धरा, किंवा स्टेशनबाहेर रिक्षा ठरवा. भाव आधी ठरवा आणि परत आणणार का तेही आधीच बोलून घ्या. स्वतःची गाडी असेल तर एक लक्षात ठेवा, हा घाट अरुंद आणि चांगलाच उभा आहे. शनिवार-रविवारी नऊनंतर समोरासमोर गाड्या आल्या की कोणालाच मागे घेता येत नाही. साडेसातच्या आत वर पोचलात तर कसलाच त्रास नाही.

कोथरूड-बावधनच्या मंडळींनी तिकोन्याला जाताना हायवेला जाण्याची गरज नाही. पौड, तिथून कोळवण, हाडशी, जवण आणि तिकोना पेठ हा आतला रस्ता आहे. वळणं आहेत, पण ट्रक नाहीत. कामशेतहून यायचं तर पवनानगरपर्यंत (जुनी माणसं अजून काळे कॉलनी म्हणतात) एसटी आणि वडापच्या जीप मिळतात, पुढे तिकोना पेठेपर्यंत वेळेवर काय मिळेल ते. तुंगला मात्र स्वतःचं वाहन हवंच. लोणावळ्याहून अँबी व्हॅलीच्या रस्त्याला लागायचं, घुसळखांबच्या फाट्याला वळायचं आणि तुंगवाडी गाठायची. किंवा पवनानगरवरून धरणाला वळसा घालून मोरवेमार्गे.

तिकोना आणि तुंगच्या बाजूला मोबाईलची रेंज जाते-येते. नकाशा आधीच उतरवून घ्या, आणि थोडी रोकड जवळ ठेवा.

लोहगड आणि भाजे

लोहगड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, मराठा लष्करी भूप्रदेश या नावाखाली निवडलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून. तो का निवडला गेला असावा हे समजायला माथ्यापर्यंत जायची गरज नाही. दरवाजांपाशी थांबलं तरी पुरे. बहुतेक लोक इथे धापा टाकत वर पळतात, आणि गडाचा सगळ्यात चांगला भाग मागे पडतो.

क्रम असा: गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा, महादरवाजा. गणेश दरवाज्यातून आत गेलात की थांबा आणि मान वर करा. वाट सरळ जात नाही, उलटसुलट वळणं घेते, आणि प्रत्येक वळणावर वरच्या टप्प्याची तटबंदी तुमच्या डोक्यावर असते. खालून येणाऱ्याला पुढचा दरवाजा दिसत नाही, बुरुजाने झाकलेला असतो. वरच्याला मात्र खालचा प्रत्येक माणूस दिसतो. हत्ती असो की तोफ, धाव घ्यायला सरळ वीस पावलं मिळत नाहीत. आता वर जाऊन महादरवाज्याच्या बाजूने खाली बघा. सापासारखी वेटोळी घातलेली ही सगळी वाट तिथून एका नजरेत मावते. तेवढं एक दृश्य नीट बघितलं तरी दिवस सार्थकी लागला म्हणा.

हनुमान दरवाजा सगळ्यांत जुना. गणेश आणि नारायण हे पुढे नाना फडणवीसांनी बांधून घेतले. नारायण दरवाज्याजवळ एक भुयार आहे, तिथे भात आणि नाचणी साठवत. वर माथ्यावर नानांच्याच काळातलं सोळा कोनांचं तळं आहे. लक्ष्मी कोठी, शिवमंदिर, दर्गा हे सगळं महादरवाज्यानंतर जवळजवळ आहे.

विंचूकाट्यावर जायचं की नाही? गडाच्या टोकाला निघालेली ती लांब चिंचोळी सोंड, खाली उतरून जावं लागतं. कोरड्या दिवसात जरूर जा. पाऊण-एक तास राखून ठेवा. तटबंदीच्या कडेने चालू नका, मधून चाला. ओल असेल किंवा वारा जोरात असेल तर माथ्यावरूनच बघा, तिथून तिचा आकार उलट जास्त चांगला कळतो.

गडावर केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे. मुक्कामाला परवानगी नाही, संध्याकाळी खाली यावंच लागतं. प्लास्टिकच्या बाटल्या खालीच ठेवल्या तर बरं, वर माकडं हातातून ओढून घेतात.

उतरताना भाजे. २२ लेण्यांचा हा समूह इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकापासूनचा. मधलं मोठं चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन) बघताना दोन गोष्टी शोधा. एक, छताला लागलेल्या कमानीदार लाकडी फासळ्या. त्यांचा छताला काडीचा आधार नाही. छत तर डोंगरच आहे. आधी लाकडाची चैत्यगृहं बांधत आणि तीच सवय दगडात उतरली, म्हणून त्या बसवलेल्या. दोन, आतले खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलायला खांब असे तिरके लावत. इथे भार नाही, तरी कल आहे. एका बाजूला भिंतीजवळ उभं राहून खांबांच्या ओळीकडे बघितलं की तो लगेच ध्यानात येतो.

चैत्यगृह बघून लोक माघारी फिरतात. तसं करू नका. दक्षिणेकडे चालत जा. तिथे १४ स्तूपांचा गट लागतो, काही आत, काही बाहेर उघड्यावर. त्यापुढचा विहार (भिक्षूंच्या राहण्याची जागा), एकोणिसावं लेणं, चुकवू नये असा आहे: दाराच्या एका बाजूला रथातला सूर्य, दुसऱ्या बाजूला हत्तीवर स्वार झालेली आकृती, जिला बहुतेक अभ्यासक इंद्र म्हणतात. त्याच्याजवळ खाली वाकून बघा, दोन वाद्यं पुढ्यात घेऊन वाजवणारी एक स्त्री आणि शेजारी नाचणारी दुसरी कोरलेली आहे. दाराला जाळी असते, डोळे अंधाराला सरावायला मिनिटभर द्या. स्तूपावर चढून फोटो काढणारे दिसतीलच. तिथल्या रखवालदाराला हाक मारायला संकोच करू नका. पाचच्या आत बाहेर पडायचं आहे, त्या बेताने लोहगड उतरा.

विसापूर

थोडक्यात. लोहगडाच्या शेजारचा, त्याच्याहून साधारण ५० मीटरने उंच आणि विस्ताराने मोठा. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि मग लोहगड हाती यायला वेळ लागला नाही. डोक्यावर तोफा चढल्यावर खालच्या गडाने काय करायचं? नंतर त्यांनी विसापूरचे दरवाजे पाडून टाकले, म्हणून आज इथे लोहगडासारखी देखणी प्रवेशवाट नाही. तटबंदी मात्र लांबच लांब शाबूत आहे, आणि चुन्याच्या घाण्याचं दगडी चाक, पाण्याची टाकी बघण्यासारखी.

वर जायला गायमुख खिंडीतून एक वाट आणि भाजेच्या बाजूने दुसरी. पावसाळ्यात एका वाटेच्या पायऱ्यांवरूनच पाणी धो-धो वाहतं आणि रील करायला तिथे झुंबड उडते. जोराचा पाऊस सुरू झाला की ते पाणी काही मिनिटांत वाढतं. माथा मोठा आणि खुणा कमी असल्यामुळे धुक्यात वाट चुकते, दर वर्षी कोणीतरी अडकतं. पहिल्यांदा जात असाल तर कोरड्या दिवसातच जा, आणि वाट माहीत असलेला एक तरी सोबत असू द्या.

बेडसे आणि तिकोना

कामशेतहून पवनानगरच्या रस्त्यावर बेडसे गावाचा फाटा लागतो. गावातून वर लेण्यापर्यंत काहीशे पायऱ्या. शक्यतो आठच्या आत पोचा. भाजे-कार्ल्याच्या मानाने इथे माणूस नसतो म्हटलं तरी चालेल.

समोर गेल्यावर आधी काहीच दिसत नाही, कातळच. चैत्यगृहापुढचा डोंगराचा भाग कोरणाऱ्यांनी पूर्ण काढलेला नाही. मधे एक बोळ ठेवला आहे. त्या बोळातून आत शिरलं की एकदम उंच खांब अंगावर येतात. तळाशी घट, वर अष्टकोनी खांब, त्यावर उलटं कमळ, आणि सगळ्यात वर जनावरांच्या जोड्या: घोडे, हत्ती, बैल, पाठीवर स्त्री-पुरुष स्वार. सकाळचं ऊन तिरपं पडतं तेव्हा त्या स्वारांचे दागिने आणि घोड्यांचे ओठसुद्धा वाचता येतात. दुपारी हे सगळं एका सपाट सावलीत जातं. छोटी दुर्बीण असेल तर आणाच. शेजारचा विहारही बघा. साधारणपणे विहार चौकोनी असतात, हा मागे अर्धगोल आहे आणि छत कमानीसारखं.

साडेनऊपर्यंत उतरून तिकोना पेठ. गडाचं जुनं दप्तरी नाव वितंडगड. पायथ्याशी जेवणाची ऑर्डर देऊन मगच चढा. सावकाश गेलात तरी तासा-सव्वा तासात माथा. वाटेत वेताळ दरवाजा, मग दगडात कोरलेला चपेटदान मारुती, पायाखाली राक्षसीण. पुढे तळजाईचं लेणं आणि त्याच्यापुढे पाण्याचं टाकं. इथे बसून दम घ्या, कारण नंतर बालेकिल्ल्याच्या त्या उभ्या पायऱ्या आहेत. दोर लावलेला आहे, तो धरा. उतरताना तोंड कातळाकडे करून किंवा सरळ बसून उतरा, लाजू नका. माथ्यावर महादेवाचं देऊळ आणि टाकी. तिथे आल्यावर सुरुवातीला सांगितलेली वजाबाकी करून बघा: पाणी नाही, खाली नदी आणि वस्त्या, समोर तुंग, उजवीकडे लोहगड-विसापूर. मग गडाची जागा कोणी आणि का निवडली ते विचारावं लागत नाही.

तुंग

कागदोपत्री कठीणगड, आणि खालून बघितलं तर नाव पटतं. प्रत्यक्षात चढ तासाभराचाच आहे. पायथ्याला मारुती, मधे गणपती, माथ्यावर तुंगाई. माथा इवलासा, कारण हे टेहळणीचं ठाणं होतं, राहायचा गड नव्हे. सावली अजिबात नाही, खायला वर काही मिळत नाही. पाण्याच्या दोन बाटल्या दरडोई न्या. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं, तेव्हा तुंग नकोच.

कार्ले

भारतातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह आणि दारातच एकवीरा आई. आगरी-कोळी बांधवांची कुलदेवता, त्यामुळे चैत्रातली यात्रा, नवरात्र आणि बहुतेक रविवार या दिवशी लेणं बघायला जाणं म्हणजे देवीच्या रांगेत उभं राहणं. हौस असेल तर तीही मजा आहे. निवांत बघायचं तर मधल्या वारी दुपारी तीनला पोचा. खांबांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत, त्यांत धेनुकाकट नावाच्या गावाचे यवन, म्हणजे ग्रीक, दातेही आहेत. हा डोंगर व्यापाऱ्यांच्या वाटेवर होता, त्याचा यापेक्षा सरळ पुरावा दुसरा नाही.

पाणी, मधमाश्या, मदत

पवनेच्या पाण्यात उतरू नका. पोहता येतं म्हणून तर मुळीच नाही. काठावर गाळ असतो, दोन पावलांवर एकदम खोल होतं, आणि खाली बुडालेले बांध नि झाडांचे बुंधे आहेत. दर वर्षी इथे पुण्या-मुंबईची तरुण मुलं बुडतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्याजवळच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पाणी वाढायला मिनिटंही लागली नाहीत.

कड्यांवर आग्या मोहळं असतात. अत्तर मारून चढू नका, वर सिगारेट किंवा शेकोटी नको, ओरडा नको. माश्या उठल्याच तर हातवारे न करता डोकं झाकून खाली चला.

अडकलात तर ११२ ला फोन लावा. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची मंडळी या भागात बचावकार्य करतात, पण त्यांना पोचायला वेळ लागतो. तोवर आहे त्या जागी थांबणं हेच तुमचं काम.

खाणं, मुक्काम आणि परत

लोहगडवाडी आणि तिकोना पेठेत घरगुती पिठलं-भाकरी मिळते. मावळ भाताचा, तेव्हा तांदळाची भाकरी मागा. चढतानाच किती माणसं आणि किती भाकऱ्या ते सांगून ठेवलं तर उतरल्यावर ताटकळावं लागत नाही. मुक्काम करायचा असेल तर काठावरच्या तंबूंपेक्षा गावातल्या घरात करा. तंबूवाल्यांकडे जाणार असाल तर एकच प्रश्न विचारा: रात्री स्पीकर किती वाजता बंद होतो? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

घरातल्या माणसांशी बोलायला बसलात तर धरणाचा विषय निघेल. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजून मिटलेले नाहीत, आणि पिंपरी-चिंचवडला जाणाऱ्या जलवाहिनीच्या विरोधातल्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ ला बऊर इथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. पिंपरीत राहणाऱ्यांनी ऐकून घ्यावं असं बरंच काही तिथे ऐकायला मिळतं.

दिवाळीनंतर गेलात तर तांदूळ थेट शेतकऱ्याकडून घ्या. इंद्रायणी हे वाण इथल्याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातलं. नवा तांदूळ चिकट होतो, पाणी जरा कमी घाला. रविवारी परतताना चारच्या आत निघा. पाचनंतर जुन्या महामार्गावर कामशेतपासून तळेगावपर्यंत गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात, आणि तेव्हा लोकलवाले तुमच्या आधी घरी पोचतात.